पॅक दॅट स्नॅक

दहा वर्षांचा होतो तेव्हा माझी पक्की खात्री होती की ते गाणं डब्याबद्दल आहे. मी मराठी माध्यमातला, पाचवीत, इंग्रजी नुकतंच सुरू झालेलं. ‘पॅक’ म्हणजे बांधणे हे माहीत होतं, ‘दॅट’ म्हणजे ते. मग तिसरा शब्द ‘स्नॅक’च असणार, दुसरं काय? कुणीतरी गोवेकर मुलगा घाईघाईत आईला सांगतोय, तो खाऊ बांधून दे, मी निघालो. ही फोड मी दादाला करून सांगितली तेव्हा तो पोट धरून हसला. नंतर महिनाभर मला डबा देताना तो ‘पॅक दॅट स्नॅक’ म्हणायचा.

शब्द ‘स्मॅक’ होता. पण त्याकडे येतो.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आम्ही दोन्ही कुटुंबं कुर्ल्याच्या नेहरूनगरमध्ये, दोन इमारती सोडून राहायचो. त्याची एक कॅसेट आज माझ्याकडे आहे. टीडीकेची, नव्वद मिनिटांची, पाठीवर निळ्या बॉलपेनने ‘रेमो मिक्स’ लिहिलेली. बरेच दिवस मनात होतं की या कॅसेटवर लिहावं. ती ऐकायची कशी, तिच्यात काय ऐकायचं आणि ती कुठल्या काळातून आली, असं सगळं. घरातली मंडळी हे वाचणार म्हणून हात आखडत होता. शेवटी मावशीला विचारलं. ती ‘लिही’ म्हणाली, तेव्हा लिहितोय. बाकीच्यांनी रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा.

तर आधी रेमो. ज्यांना तो फक्त ‘हम्मा हम्मा’मुळे (‘बॉम्बे’, 1995) माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

रेमो फर्नांडिस 1953 साली पणजीत जन्मला, म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य असताना. घराणं शिवोलीचं. सहा-सात वर्षांचा असताना लंडनहून आलेल्या एका नातेवाइकाने बिल हेलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ आणली, ती ऐकून पोरगा बिघडला. पुढे तो मुंबईला जे. जे. मध्ये वास्तुशास्त्र शिकायला आला आणि इथल्या ‘सॅव्हेजेस’ बँडमध्ये वाजवू लागला. त्या काळातले आपल्याकडचे रॉक बँड बहुतेक करून बीटल्स-स्टोन्सची गाणी हुबेहूब वाजवायचे. जितकं हुबेहूब तितकं भारी. स्वतःचं गाणं कुणी वाजवलं की लोक बियर आणायला उठायचे म्हणतात. आर्किटेक्ट झाल्यावर रेमो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकला, गाऊन-वाजवून पोट भरलं, आणि 1980च्या सुमारास गोव्यात परत आला. येताना स्वतःची गाणी घेऊन आला.

ही गाणी मुंबईच्या रेकॉर्ड कंपन्यांना नको होती. भारतीय माणसाने लिहिलेलं इंग्रजी रॉक कोण विकत घेणार? त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. आत्तापर्यंत कुणी घेतलंच नव्हतं.

मग त्याने जे केलं ते मला आजही जाम आवडतं. घरीच चार ट्रॅकच्या टिआक पोर्टास्टुडिओवर सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतः गायला, मिक्सिंग स्वतः केलं, कॅसेटचं वेष्टनही स्वतःच काढलं. (आर्किटेक्ट होता ना!) 1984 साली ‘गोअन क्रेझी’ निघाली. नावातच कोटी आहे. गोव्याचा वेडा म्हणा, नाहीतर वेडा होत चाललेला म्हणा. मग पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून हा माणूस गोव्यातल्या दुकानादुकानांत फिरला. पुढच्या वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’, म्हणजे जुनी गोवेकर गाणी. 1986 साली ‘पॅक दॅट स्मॅक’. 1987 साली ‘बॉम्बे सिटी’. एव्हाना सी.बी.एस. कंपनीला जाग आली होती. ज्या मालाला गिऱ्हाईक नाही असं सांगितलं होतं, त्याच मालावर त्याला गोल्ड डिस्क मिळाल्या.

आता ही गाणी नेहरूनगरात कशी पोचली? कुर्ला म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी आठवते. पण पश्चिमेला स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे जुनी गावठाणं आहेत. हॉल गाव, ख्रिश्चन गाव. होली क्रॉस चर्च तर पोर्तुगीज काळापासूनचं. तिथले मूळचे ईस्ट इंडियन लोक घरात त्यांची मराठी बोलतात, त्यांच्या शेजारी नंतर येऊन राहिलेले गोवेकर आणि मंगळुरी. दादाला गिटार शिकायची होती आणि शिकवणारा मित्र हॉल गावात राहायचा. दादा रोज संध्याकाळी पूल ओलांडून पश्चिमेला जायचा. मित्राचे नातेवाईक गोव्याहून आले की कॅसेटी यायच्या. मित्राकडच्या कॅसेटीवरून दादाने आपली बनवली. टू-इन-वनवर, हवी ती गाणी हव्या त्या क्रमाने. त्यामुळे कुठलं गाणं कुठल्या अल्बमचं ते कॅसेटीवरून काही कळत नाही. माझ्या डोक्यात रेमोचा तो एकच अल्बम आहे आणि त्याचा संपादक माझा दादा आहे.

कसं ऐकायचं ते सांगतो.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा गाण्यांच्या मागची खरखर ऐका. हो, खरखरच. आपल्या नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात. ए बाजूचे डावा-उजवा असे दोन, बी बाजूचे दोन. म्हणून तर ती उलटून लावता येते. पोर्टास्टुडिओ या यंत्रात हे चारही पट्टे एकाच दिशेने वापरतात आणि फीत दुप्पट वेगाने पळवतात. म्हणजे एका पट्ट्यावर ताल, दुसऱ्यावर बास, तिसऱ्यावर गिटार. चौथा मोकळा. पण अजून बासरी आहे, मुख्य आवाज आहे, मागचे तीन-चार आवाज आहेत, त्यांचं काय? मग पहिले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा भरायचे. एकदा पुसलं की गेलं. गिटार जरा मोठी लागली असं नंतर वाटलं तर सगळं पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक उतरवणीत थोडी खरखर वाढते. तेव्हा रेमोचे चार-पाच आवाज एकमेकांना उत्तरं देत, चिडवत, मध्येच बायकी सूर काढत गातात ना, तेव्हा लक्षात ठेवा की खोलीत एकच माणूस आहे आणि तो दर वेळी आधीचा आपला आवाज कानात घेऊन पुढचा गातोय. आमच्याकडे मूळ कॅसेट, तिची मित्राकडची नक्कल, त्या नकलेची दादाची नक्कल, असा वंशवेल असल्याने समुद्राची गाज मोफत होती.

दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा मिश्रण ऐका. रॉकची गिटार चाललेली असते आणि मध्येच आपली साधी बांबूची बासरी घुसते. लॅटिन ठेका येतो, पोर्तुगीज वळणाची चाल येते, कोकणी येते. हे सगळं फ्यूजन वगैरे म्हणून, कपाळावर आठ्या घालून केलेलं नाही. गोव्याच्या माणसाच्या कानावर लहानपणापासून जे जे पडलं ते ते गाण्यात पडलंय. गोव्यात मांडो, दुलपद, चर्चमधली स्वरलेखनाची शिकवण आणि बाजूच्या देवळातली आरती हे एकाच गावात ऐकू येतं. याच गोव्याने आपल्या हिंदी सिनेमाला अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड असे अरेंजर दिले. पण ती मंडळी पडद्यामागे राहिली, दुसऱ्याच्या चालीला सूट-बूट घालून दिला. रेमोने स्वतःचं नाव वर घातलं.

आमच्याकडे असं मिश्रण झालं नाही का? झालं की. 1978 साली पु. लं.नी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’वरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी ते पुण्याच्या थिएटर अकादमीतर्फे बसवलं, आणि त्यात गुंडाच्या भूमिकेत नंदू भेंडे चक्क रॉक गायला. आत्माराम भेंड्यांचा मुलगा. मराठी रंगभूमीवर लावणीच्या शेजारी रॉक! पण ते नाटकाबरोबर राहिलं. त्यातून मराठी रॉकची गादी काही सुरू झाली नाही. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. पु. ल. मात्र या लेखात पुन्हा येणार आहेत.

तिसऱ्यांदा ऐकाल तेव्हा शब्द. इथे खरी मजा आहे. ‘ओड टू ग्रॅहॅम बेल’ घ्या. ओड म्हणजे स्तोत्र. टेलिफोनच्या जनकाचं स्तोत्र कशासाठी, तर गोव्यातल्या फोनसाठी, जे लागत नसत. आजच्या मुलांना हा विनोद समजावून सांगावा लागतो आणि समजावला की मरतो. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. आमच्या इमारतीत एकच फोन होता, तोही महिन्यातले पंधरा दिवस मेलेला. ज्यांच्याकडे होता त्या काकूंनी त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता, मढ्यावर घालावा तसा. अशा काळात एक माणूस फोनवर गाणं लिहितो ही क्रांतीच होती. प्रेमावर, पावसावर, तारुण्यावर सगळेच लिहितात.

आणि हा माणूस तोंडावर बोलायचा. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात मिरामारला सरकारी कार्यक्रम होता, त्यात रेमोला गायला बोलावलं. त्याने पंतप्रधानांना उद्देशूनच गोव्याची दुखणी गाऊन दाखवली. काही वर्तमानपत्रांनी गहजब केला, पंतप्रधानांचा अपमान झाला म्हणून. रेमोने काय करावं? गाण्याचे शब्द आणि ती कात्रणं थेट राजीव गांधींना पाठवून दिली. त्यांचं उत्तर आलं की आम्हाला कार्यक्रम आवडला, यात गैर काही दिसत नाही. झालं! दादा ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचा की ते पत्र त्यालाच आलं होतं असं वाटावं.

आमच्या मावशीला यातलं इंग्रजी ओ की ठो कळायचं नाही. पण ती वेंगुर्ल्याची. ‘ओल्ड गोअन गोल्ड’मधलं कोकणी गाणं लागलं की ती भाकऱ्या थापता थापता थांबायची. “ह्यो आमच्या बाजूचो दिसता,” म्हणायची. अर्धे शब्द तिला कळायचे, अर्ध्यांवर ती दादाशी वाद घालायची. त्याच सुमारास गोव्यात मराठी की कोकणी यावरून रस्त्यावर आंदोलनं चालू होती, 1987च्या फेब्रुवारीत कोकणी राजभाषेचा कायदा झाला, मे महिन्यात गोवा राज्य झालं. आमचे वडील पेपर वाचून तावातावाने बोलायचे. आणि स्वयंपाकघरात मावशी मालवणीत कोकणी गाण्याच्या चुका काढायची. मला तोच भाषावाद जास्त पटायचा.

आता डब्याचं गाणं.

स्मॅक म्हणजे हेरॉईन. आपल्याकडे जे यायचं ते ब्राउन शुगर, आणि मराठीत त्याला शब्द होता गर्द. चांदीच्या पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा. 1979 नंतर इराण आणि अफगाणिस्तानात जी उलथापालथ झाली, तिच्यामुळे हा माल मुंबईमार्गे जाऊ लागला आणि वाटेत इथेच मुरला. पुडी तेव्हा स्वस्त होती. कॉलेजच्या पोरालाही परवडेल इतकी. 1985च्या नोव्हेंबरमध्ये अंमली पदार्थांचा कडक कायदा लागू झाला, पण तोपर्यंत रुळांच्या कडेला, पुलांखाली पन्नी पेटवून बसलेली पोरं आम्ही शाळेत जाता-येता बघत होतो. गर्दुल्ले. आई हात घट्ट धरून झपझप पुढे न्यायची. 1982च्या संपानंतर गिरण्यांच्या घरांतून कितीतरी तरुण मुलं नुसती बसून होती, आणि कुर्ला-परळ-लालबागला हे पीक सोपं गेलं असं माझं मत आहे. काकाही संपातच घरी बसले होते, ते परत कधी कामावर गेले नाहीत. (काका म्हणजे मावशीचे यजमान. आम्ही काकाच म्हणायचो.)

रेमो गोव्यात हेच बघत होता. हिप्पींचे किनारे त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. हा काही सोवळा माणूस नव्हे, केस वाढवून युरोपभर फिरलेला. म्हणून त्याने म्हटलेलं पोरं ऐकतील अशी शक्यता होती. ज्या माणसाने आत्ताच फोनवर हसवलं तोच पुढच्या गाण्यात सांगतो की ते गाठोड्यात बांध आणि टाक. 1987 साली आलेल्या ‘जलवा’ सिनेमाचं शीर्षकगीतही त्यानेच गायलं, आणि तो सिनेमाही याच विषावरचा, गोव्यातच घडणारा. दादा मला घेऊन गेला होता. मला फक्त रेमोचा आवाज आल्यावर त्याने मारलेली शिट्टी आठवते.

ज्या 1986 साली ‘पॅक दॅट स्मॅक’ निघाली, त्याच वर्षी 29 ऑगस्टला पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली होती. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, पैसे देऊ केले, आणि डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्याला केंद्र उभं केलं. उभ्या महाराष्ट्राला हसवणारा माणूस गर्दुल्ल्यांसाठी पैसे मोजत होता. आमच्या घरात पु. लं.च्या कॅसेटी होत्या. त्या पाठ होत्या. अवचटांची लेखमालाही कुणीतरी वाचली असणारच. पण ते दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आहे असं प्रत्येकाला वाटलं.

दादाच्या कॅसेटवर ‘पॅक दॅट स्मॅक’ ए बाजूला चौथं आहे. म्हणजे स्वतःच भरलेलं, स्वतः जागा ठरवून. पण 1988च्या आसपास मला आठवतं, ते गाणं आलं की दादा पुढे पळवायचा. बटण वापरलं तर सेल उतरतात म्हणून कॅसेट बाहेर काढून, रेनॉल्ड्सचं पेन घालून, गरागरा फिरवायचा. किती फेरे मारायचे हे त्याला बरोबर माहीत होतं. मला वाटायचं माझ्या स्नॅकच्या विनोदाला तो कंटाळला. मी एकदा विचारलंही, “आता आवडत नाही का तुला?” तो म्हणाला, “जुनं झालं रे.” मी बारा वर्षांचा होतो.

गिटार त्यानंतर वर्षभराने दिसेनाशी झाली. दुरुस्तीला टाकलीय म्हणाला. मग काकांचं घड्याळ दुरुस्तीला गेलं. मग मावशीच्या पाटल्या. या गोष्टी मी आत्ता ओळीने लिहितोय, तेव्हा त्या ओळीने दिसत नव्हत्या. त्याला दोनदा बाहेरगावी ‘नोकरीला’ पाठवलं होतं, ते उपचाराला. दुसऱ्यांदा आला तेव्हा अंगाने भरला होता, सात महिने ठीक होता. मला गणिताला त्याने शिकवलं ते त्याच सात महिन्यांत. 1991च्या पावसाळ्यात तो गेला. चोवीस वर्षांचा होता. नातेवाइकांना, शाळेत, सगळीकडे सांगितलं की कावीळ झाली होती. मीही कॉलेजात, नोकरीत, लग्न ठरताना कावीळच सांगत आलो. बायकोला खरं सांगितलं ते लग्नानंतर चार वर्षांनी.

‘स्मॅक’ हा शब्द मी अकरावीत असताना डिक्शनरीत पाहिला. पहिला अर्थ दिला होता चापट.

कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण झाली आणि गोव्याची गाडी आमच्या कुर्ला टर्मिनसवरून सुटू लागली. घरातून चालत जाऊन गाडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मडगाव! दादाला हे किती आवडलं असतं. मी शिवोलीला दोनदा जाऊन आलो. काही नाही, चर्चसमोर चहा प्यायलो आणि परत आलो. रेमोला 2007 साली पद्मश्री मिळाली. 2021 साली त्याचं आत्मचरित्र आलं, ते मी दोन रात्रींत वाचून काढलं.

कॅसेटचं सांगायचं राहिलं. फीत दोन ठिकाणी चुरगळलीय, तिथे रेमो पाण्याखालून गातो. तुम्ही इंटरनेटवर शोधलीत तर यातली बरीच गाणी सापडतील, ती जास्त स्वच्छ असतील, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी. क्रम मात्र सांगतो तसा ठेवा. आधी फोनचं गाणं, मग एखादं कोकणी, मग बॉम्बे सिटी, आणि चौथं ‘पॅक दॅट स्मॅक’. तीन गाण्यांत तुम्ही त्या माणसाच्या प्रेमात पडलेले असता.

गेल्या महिन्यात लिहायची परवानगी मागायला मावशीकडे गेलो तेव्हा प्लेअर आणि कॅसेट दोन्ही घेऊन गेलो होतो. ती आता सत्त्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, आवाज मोठा करावा लागला. कोकणी गाण्यावर तिने परत एक चूक काढली. चौथं गाणं सुरू झालं तेव्हा माझा हात बटणाकडे गेला होता. तिने विचारलं, ह्यात काय म्हणतो तो? मी सांगितलं. साध्या शब्दांत, जेवढं सांगता येईल तेवढं.

ती बराच वेळ प्लेअरकडे बघत बसली. मग म्हणाली, “म्हणजे ह्यां गाणां तेच्याकडे होतां?”

होतं, म्हटलं. त्यानेच भरलेलं.

“बरां,” म्हणाली, आणि गुडघ्यावर हात ठेवून चहा टाकायला उठली.